चिठ्ठी वाचता न आलेला कवी

मुंबईतल्या शिवडीच्या चाळीत एक माणूस गावाहून आलेली चिठ्ठी घेऊन एका तरण्याताठ्या मुलाकडे आला. मुलगा अंगाने धिप्पाड होता. समता सैनिक दलात पोरांना लेझीम आणि लाठी शिकवायचा. एवढ्या हुशार मुलाला वाचता येत असणारच, असे त्या माणसाला वाटले. चिठ्ठी हातात घेतलेला मुलगा मात्र गप्प उभा राहिला. त्याला एकही अक्षर येत नव्हते. त्या दिवशी त्याला रडू कोसळले.

हा मुलगा म्हणजे वामन तबाजी कर्डक. पुढे सारा महाराष्ट्र त्याला लोककवी वामनदादा म्हणून ओळखू लागला. ज्याला चिठ्ठी वाचता आली नाही, त्याने नंतर हजारो गीते लिहिली. त्यांची संख्या दहा हजारांच्या घरात असल्याचे सांगतात.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. गाव देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. घरी गरिबी होती. वडील लवकर गेले आणि माय लेकराला घेऊन मुंबईला आली. मायलेकांनी मिळेल ते काम केले. कोळशाच्या वखारीत राबावे, कधी चिक्की विकावी, कधी गिरणीत खपावे, असे दिवस होते. शाळेचे नाव काढायलाही सवड नव्हती.

चिठ्ठीच्या प्रसंगानंतर देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना मुळाक्षरे शिकवली. पुढची शाळा रस्त्यावरच भरली. दुकानांच्या पाट्या पाहायच्या, अक्षराला अक्षर जोडायचे आणि शब्द लागला की पुढच्या पाटीकडे वळायचे. जोडाक्षरे अशीच सुटत गेली. ज्या वयात इतरांचे शिक्षण संपते, त्या वयात यांचे सुरू झाले. आपल्या घरात कुणी चाळिशीत, पन्नाशीत पाटी हातात घेतली तर आपण हसतो. त्या हसण्याआधी वामनदादांची ही शाळा आठवावी.

अक्षर उशिरा आले, पण गाणे आधीपासूनच कानात होते. ते कानात घालणाऱ्यांमध्ये एक नाव फार मोलाचे आहे. शाहीर भीमराव कर्डक. आडनाव एक, जिल्हा एक, गाव मात्र वेगळे. भीमराव निफाड तालुक्यातल्या कसबे सुकेण्याचे. वामनदादांपेक्षा जवळजवळ अठरा वर्षांनी मोठे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार वस्तीवस्तीत नेणाऱ्या जलशांचे ते अग्रणी होते.

आजच्या तरुण वाचकांना जलसा म्हणजे काय, हे सांगायला हवे. साचा तमाशाचाच. ढोलकी, तुणतुणे, गाणी, सवाल-जवाब आणि शेवटी वग. बायकांची कामे पुरुषच करीत. जोतीराव फुल्यांच्या चळवळीतल्या सत्यशोधक जलशांनी या साच्यात नवा आशय भरला होता. आंबेडकरी जलशांनी तीच वाट पुढे नेली. शृंगाराच्या जागी शिक्षण आले, गौळणीच्या जागी वस्तीतले रोजचे दुःख आले. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, दारू सोडा, सावकाराच्या वहीवर डोळे मिटून अंगठा उठवू नका, लेकरांना शाळेत घाला, असा मजकूर असे. पण तो उपदेशाच्या सुरात येत नसे. आधी लोक पोट धरून हसत आणि मग हसता हसता गंभीर होत. दिवसभर राबून आलेल्या माणसाला भाषण ऐकायला बसवणे कठीण असते. ढोलकी वाजली की तो आपणहून येऊन बसतो. आपली दहा भाषणे आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण आजही सांगितली जाते.

या भीमरावांना वामनदादा गुरुस्थानी मानत. गुरूकडून त्यांनी काय घेतले, ते त्यांच्या गाण्यांतच दिसते. पहिली गोष्ट म्हणजे साधा शब्द. अर्थ विचारायला दुसऱ्याकडे जावे लागेल असा शब्द त्यांनी सहसा वापरला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे माणसाशी थेट बोलणे. त्यांचे गाणे कधी मायबहिणींशी बोलते, कधी दारू पिणाऱ्या नवऱ्याशी, कधी चळवळीत फूट पाडणाऱ्या पुढाऱ्याशी. तिसरी गोष्ट म्हणजे गाणे हे काम आहे, ही जाण. करमणूक हवीच, पण गाणे संपल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात काहीतरी उरले पाहिजे.

सुरुवात मात्र साधीच झाली. १९४३ साली त्यांनी एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर विडंबन रचले. ऐकणारे हसले, खूश झाले, आणि आपण गाणे करू शकतो हे त्यांना उमगले. लोकप्रिय चाल घेऊन त्यावर आपले शब्द बसवण्याची ही रीत पुढेही उपयोगी पडली. चाल लोकांच्या ओठांवर आधीच असे, त्यामुळे शब्द पाठ व्हायला वेळ लागत नसे. ज्या समाजात बहुतेकांना वाचता येत नव्हते, तिथे चाल हेच पुस्तक होते.

पुढे जलशांचा जोर ओसरला आणि गायन पार्ट्यांचे दिवस आले. हार्मोनियम, ढोलक, चारसहा साथीदार आणि रात्रभर गाणी. वामनदादा गावोगाव फिरले. मिळेल त्या घरी भाकरी खाल्ली आणि मिळेल तिथे पाठ टेकली. घरचे सुख त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही. पहिला संसार टिकला नाही, लेक मीरा लहानपणीच गेली. पुढे शांताबाईंशी दुसरा संसार झाला. गाणे मात्र कधी थांबले नाही.

प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या दमदार गायकांनी त्यांची गाणी गायली. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ असे संग्रह निघाले. १९९३ साली वर्ध्याला पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदाचा मान त्यांना मिळाला. एके काळी चिठ्ठीपुढे गप्प उभा राहिलेला माणूस साहित्यिकांच्या सभेत अध्यक्ष म्हणून बसला. १५ मे २००४ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

गुरूनेही आपले काम कागदावर उतरवून ठेवले. भीमरावांचे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक १९७८ साली निघाले. ते लिहिले गेले नसते तर जलशांची कितीतरी माहिती त्या पिढीबरोबरच विरून गेली असती.

रायपूरच्या समता कॉलनीसारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. त्यांच्या अंगणातही असाच एक लोककवी होऊन गेला. लक्ष्मण मस्तुरिया (१९४९–२०१८). दाऊ रामचंद्र देशमुखांनी १९७१ साली ‘चंदैनी गोंदा’ हा लोकमंच उभा केला. मस्तुरियांचे शब्द आणि खुमानलाल साव यांचे संगीत यांच्या बळावर छत्तीसगढी माणसाला आपल्या बोलीचा अभिमान वाटू लागला. तिथेही एकट्याचे कर्तृत्व नव्हते. एकाने शब्द दिला, दुसऱ्याने सूर दिला, तिसऱ्याने मंच दिला.

लोकगीताचे एक दुखणे मात्र सगळीकडे सारखेच आहे. गाणे घराघरांत पोचते, गायकाचे नाव लक्षात राहते आणि लिहिणारा मागे पडतो. वामनदादांनी त्यावर जुना उपाय केला. संतांनी अभंगात नाव गुंफले, तसे त्यांनी गीताच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ गुंफला. पण कडवे गाळले की सहीही गेली! जयंतीच्या मिरवणुकीत त्यांच्या गाण्यावर नाचणाऱ्या कितीजणांना ते कुणी लिहिले हे ठाऊक असते?

हे दुखणे दूर करायला फार काही लागत नाही. घरातल्या आजीला जात्यावरची गाणी येत असतील, आजोबांना एखाद्या शाहिराचा पोवाडा पाठ असेल, तर ते आजच उतरवून घ्यावे. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करणे तर आता लेकरांच्याही हातचे आहे. त्यासोबत दोन ओळी नक्की लिहाव्यात : हे गाणे कुणाचे, आणि तुम्ही ते कुणाकडून शिकलात? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वामनदादांनी आयुष्यभर आदराने दिले. आपल्या घरातले उत्तरही हरवू देऊ नये.