कल्पित जमात, खरा कलंक

भूमिका घेऊन, फासे टाकून खेळायच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मधील 'विस्तानी' ही भटकी जमात म्हणजे युरोपातील रोमा समाजाचेच सोंग होय. २०१६च्या 'कर्स ऑफ स्त्राद'मध्ये ती मद्यात रमणारी, भविष्य सांगणारी आणि बहुतांशी रक्तपिपासू उमरावाची हस्तक आहे. 'हे तर काल्पनिक' ही सबब आम्हांस मान्य नाही. नाव कल्पित असले तरी कलंक जुनाच आहे. २०२० साली प्रकाशकांनी साचेबद्धपणा मान्य करून मजकूर सुधारला. परंतु विशेषणे गाळणे म्हणजे संवेदनशीलता नव्हे. त्या जमातीत आपसांतले मतभेद हवेत, उमरावाला नकार देणारे हवेत, स्वतःची निवड हवी. १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या देशातील वाचकांना याहून अधिक काय सांगावे?