समाजाचं नाक आणि माणसाचं नाक

कोरोना संपला, सगळ्यांचे मास्क उतरले. माझ्या चुलतभावाचा उतरला नाही. २०२१ च्या पावसाळ्यात भाट्ये पुलावरून घरी येताना त्याची बाइक घसरली. हेल्मेट घरी खुंटीला होतं. जीव वाचला, पण नाकाचं हाड मोडलं, मधला पडदा खचला आणि एका नाकपुडीची कड गेली. टाके घातले, जखम भरली. तेव्हापासून तो रात्री तोंडाने श्वास घेतो आणि दिवसा मास्क लावतो. जुम्याला मशिदीत शेवटच्या सफेत उभा राहतो आणि सलाम फिरवला की सगळ्यांच्या आधी बाहेर पडतो.

प्लास्टिक सर्जनने उपाय सांगितला होता. कपाळावरची कातडी फिरवून नाकावर बसवायची आणि आधाराला कानातली कूर्चा घ्यायची. चाची तयार होती. पण घरातल्या एका बुजुर्गांनी सांगितलं, "अल्लाहने दिलेला चेहरा बदलणं गुनाह आहे." दुसऱ्या एकाचं म्हणणं, "मर्दाला रूप काय करायचंय? मुलगी असती तर गोष्ट वेगळी." विषय तिथेच थांबला.

मी नोकरीसाठी पुण्यात असतो. या शस्त्रक्रियेचा पुण्याशी जुना संबंध आहे. घरच्यांना धीर यावा म्हणून तो इतिहास मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिला.

१७९२ साली संपलेल्या इंग्रज-म्हैसूर युद्धात कावसजी नावाचा एक बैलगाडीवान इंग्रजी फौजेबरोबर होता. नाव पारशी वाटलं तरी तेव्हाच्या वृत्तांतात तो शेतकरी जातीतला मराठा असल्याचं म्हटलं आहे. तो टिपू सुलतानच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. थॉमस क्रूसो या इंग्रज डॉक्टरने आपल्या एका सहकाऱ्यासह ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात तिचा वृत्तांत छापून आला.

कारागिराने आधी मेणाची पातळ पट्टी नाकाच्या जागी बसवून माप घेतलं. ती पट्टी सपाट करून कपाळावर ठेवली आणि भोवती रेघ मारली. तेवढी कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मध्ये एक बारीक पट्टा जोडलेलाच ठेवला, कारण रक्त तिथूनच पोचणार होतं. मग कातडी वळवून खाली आणली आणि जुन्या जखमेच्या कडा ताज्या करून त्यांत बसवली. वरून पाण्यात भिजवलेल्या काताच्या कापडी पट्ट्या लावल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडवलेलं कापड ठेवलं. नाकपुड्या बुजू नयेत म्हणून दहाव्या दिवशी त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. साधारण पंचविसाव्या दिवशी भुवयांमधला पट्टा कापला. नाक जिवंत राहिलं.

सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक करण्याची रीत आहे. कपाळाची ही रीत कारागिरांनी हातांनी जपलेली होती. तो वृत्तांत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये हीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. आज भूल आली, कूर्चेचा आधार आला, पण कपाळाची कातडी आणि तीनेक आठवडे जपलेला तो पट्टा तसाच आहे. कावसजीचं नाव राहिलं, सर्जनांची नावं राहिली. ज्याने नाक केलं त्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

मला वाटलं होतं, ग्रुपवर कुणीतरी विचारेल, 'मग आपल्या पोराचं कधी करायचं?' दोन दिवस वाद चालला तो टिपूवर. "इंग्रजांनी बदनाम केलंय." "असलं लिहून तू कुणाच्या हातात कोलीत देतोयस?" समाजाचं नाक कापलं जाईल याची सगळ्यांना काळजी. घरातलं एक नाक तुटलेलं आहे, याची आठवण एकालाही नाही.

वृत्तांत इंग्रजांचा आहे आणि इंग्रज टिपूचे शत्रू होते, हे खरं. त्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने मराठे होते, तसा हैदराबादचा निजामही होता. म्हणजे हिंदू विरुद्ध मुसलमान असा तो सामना नव्हता. पण कैद्याचं नाक कापलं गेलं असेल तर ते वाईटच, हे म्हणायला आपली जीभ का अडखळावी? युद्धातसुद्धा माणसाचे अवयव छाटू नयेत, अशी मनाई पैगंबरांनी केल्याचं हदीसमध्ये आहे. आपण टिपूचे वकील नाही आणि त्याच्या वतीने आरोपीही नाही. तरुणांनी दोन्ही भूमिका नाकाराव्यात.

आता 'गुनाह'विषयी. अरफजा बिन असअद नावाच्या सहाबींचं नाक इस्लामपूर्व काळातल्या कुलाबच्या लढाईत गेलं होतं. त्यांनी चांदीचं नाक बसवलं. त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा पैगंबरांनी त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. अबू दाऊद, तिर्मिजी, नसाई या तिन्ही संग्रहांत ही हदीस आहे. पुरुषाला सोनं निषिद्ध, तरीही नाकासाठी सोनं! 'मर्दाला रूप काय करायचंय' असं त्यांना कुणी विचारलं नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही २००७ मध्ये हाच फरक मान्य केला: अपघाताने किंवा आजाराने आलेलं व्यंग दुरुस्त करणं हा इलाज आहे, निर्मितीत ढवळाढवळ नाही. तुटलेला पाय जोडताना आपण फतवा विचारत नाही, मग नाकासाठी का?

आणि मुलीचं नाक 'लग्नासाठी' दुरुस्त करायचं, मुलाचं राहू द्यायचं, हा हिशेबही सोडूया. नाक श्वासासाठी आहे आणि चार लोकांत मान वर करून बसण्यासाठीही. दोन्ही गरजा बाई-पुरुषाला सारख्याच.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. नाकाला मार लागला की 'सूज उतरेल' म्हणत बसू नका. आतल्या पडद्यात रक्त साकळलं तर काही दिवसांतच कूर्चा खराब होऊन नाक खचतं, म्हणून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. मोडलेलं हाड पहिल्या एक-दोन आठवड्यांत सोपेपणाने जागेवर बसतं. वेळ गेली असेल तरी शस्त्रक्रियेचा मार्ग बंद होत नाही. कावसजीने वर्षभराने नाक करून घेतलं. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा. जकातीच्या पैशांतून गरजू रुग्णाचा इलाज होऊ शकतो, हे आपल्या जमातीत बोला. आणि हेल्मेट खुंटीवरून काढा.

ग्रुपवरचा वाद अजून मिटलेला नाही. पण चुलतभावाने तो सगळा वाचला आणि मला वेगळा मेसेज केला: "भाई, तो पट्टा पंचवीस दिवस कपाळावरून लोंबत राहणार का?" मी हो म्हटलं. त्याने लिहिलं, "चालेल. मास्क तर आहेच." पुढच्या महिन्यात आम्ही दोघं सर्जनकडे जातोय.