विमा त्याचा, पैसा कुणाचा?

‘मी गेलो तरी तुला काही कमी पडणार नाही, विमा काढलाय,’ असं नवरे विश्वासानं सांगतात आणि आपणही मान डोलावतो. पण हा पैसा कायद्यानं कुणाचा, हे विचारायचं राहून जातं.

आमच्या सल्ला केंद्रात नवरा गेल्यावर बायका कागदांची पिशवी घेऊन येतात. पिशवीत पॉलिसी असते, पण धंद्याच्या कर्जासाठी ती कधीच तारण गेलेली असते. नाहीतर लग्नाआधी नॉमिनी म्हणून घातलेलं सासऱ्यांचं नाव तसंच राहिलेलं असतं. शब्द खरा होता, कागद मात्र तिचा नव्हता.

यावर एक जुना उपाय आहे. 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यातलं कलम 6. विवाहित पुरुषानं स्वतःच्या आयुष्याचा विमा बायकोच्या किंवा मुलांच्या हितासाठी काढला आणि तसं पॉलिसीवरच नोंदवलं, की त्याचा आपोआप ट्रस्ट होतो. हिंदू, मुस्लिम, शीख, जैन कुटुंबांनाही 1923 पासून हे कलम लागू आहे. ट्रस्ट म्हटलं की आपल्याला देवस्थानं नाहीतर कारखानदारांची घराणी आठवतात. इथे मात्र वेगळा दस्त नको, मुद्रांक नको, वकील नको. विम्याच्या अर्जासोबत एक जादा फॉर्म भरायचा, एवढंच.

फायदा काय? त्या पैशावर नवऱ्याचा ताबा राहत नाही, त्याच्या सावकारांचा हक्क पोचत नाही आणि तो त्याच्या वारसांत वाटल्या जाणाऱ्या मालमत्तेत धरला जात नाही. दीर-जावांशी वाद नाही, बँकेचा तगादा नाही. कर्ज बुडवण्याच्या हेतूनंच विमा काढल्याचं सिद्ध झालं तर मात्र विम्याच्या रकमेतून वसुली करण्याचा सावकाराचा हक्क राहतो.

‘नॉमिनी आहे ना, मग हे कशाला?’ असं एजंट म्हणेल. 2015 च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असली तर विम्याचा पैसा त्यांच्याच मालकीचा होतो, हे खरं. पण नॉमिनीचं नाव नवरा केव्हाही बदलू शकतो, तेही तुम्हाला न सांगता. ट्रस्ट त्याला एकट्याला मोडता येत नाही.

दोन गोष्टी विसरू नका. हा फॉर्म पॉलिसी घेतानाच भरायचा असतो. जुनी पॉलिसी मागाहून यात आणता येत नाही. आणि विश्वस्ताचं नाव जरूर घाला, बायकोचंही चालतं. नाव नसेल तर रक्कम राज्याच्या शासकीय विश्वस्ताकडे जाते आणि तिथून सोडवून घेण्याची यातायात तुमच्याच वाट्याला येते.

काही पुरुषांना हे जड जातं, कारण मुदत संपल्यावरची रक्कमही मग त्यांची राहत नाही. बायकांनाही वाटतं, असं मागणं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास दाखवणं. मला उलट वाटतं. ‘तुझ्यासाठीच आहे’ हे मनापासून म्हणणाऱ्याला सही करायला अडचण कसली?

या कायद्याला मर्यादा आहेत. घर आणि शेत यात येत नाही. त्यासाठी मृत्युपत्र किंवा नोंदणीकृत ट्रस्ट हवा. आणि कलम फक्त विवाहित पुरुषाच्या पॉलिसीबद्दल बोलतं. कमावत्या बाईनं काढलेला विमा तिचा स्वतःचा ठरतो, पण मुलांसाठी असा आपोआप ट्रस्ट तिला करता येत नाही. पोशिंदा पुरुषच असणार, हे 1874 चं गृहीत आजही कायद्यात बसून आहे. ते बदलायची मागणी आपण लावून धरायला हवी.

तोवर, मैत्रिणींनो, घरी विमा एजंट आला की चहा देऊन आत जाऊ नका. समोर बसा आणि 1874 च्या कायद्याचा फॉर्म मागा.