वाजवणे थोडे, मोजणे फार

बास ट्रोम्बोनच्या पार्टमध्ये स्वर कमी आणि कोरा कागद जास्त असतो. त्यामुळे तो सोपा असणार, असा समज ऑर्केस्ट्राच्या इतर विभागांत, विशेषतः व्हायोलिनवाल्यांत, पक्का रुजलेला आहे. तो खोडून काढायला एकच रचना पुरते: बेला बार्तोकचा ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’. हौशी ऑर्केस्ट्राची समिती हा तुकडा मोठ्या हौसेने निवडते.

पोलीस बँडच्या संचलनात ज्याची नळी पुढेमागे सरकताना दिसते, त्याच ट्रोम्बोनचा हा रुंद पोकळीचा प्रकार. मूळ नळी सुमारे ९ फूट. डाव्या अंगठ्याखालचा व्हॉल्व्ह दाबला की हवेला आणखी ३ फूट फिरावे लागते आणि वाद्य बी फ्लॅटवरून एफवर उतरते. ही सोय लाइपझिगच्या सात्लरने १८३९ मध्ये केली. मात्र नळी लांबली की स्लाइडवरच्या जागाही एकमेकींपासून लांब जातात. सातऐवजी सहाच मावतात आणि अगदी खालचा बी हातातून निसटतो. आजच्या वाद्यांवरचा दुसरा व्हॉल्व्ह आहे तो मुख्यतः याच खिंडारासाठी. बार्तोकने ही रचना १९४३ मध्ये लिहिली, १ डिसेंबर १९४४ रोजी ती बॉस्टनला पहिल्यांदा वाजली, आणि तिच्या चौथ्या भागात बास ट्रोम्बोनला नेमकी त्या निसटत्या बीपासून वरच्या एफपर्यंत अखंड मींड घ्यायला सांगितली आहे. शोस्ताकोविचच्या ‘लेनिनग्राड’ सिम्फनीतल्या सुरावटीची टवाळी चालू असते, त्या गोंधळातली ही मींड. लाँग स्लाइडच्या जुन्या एफ बास ट्रोम्बोनवर ती सरळ निघते. आजच्या वाद्यावर काही जण दोन्ही व्हॉल्व्ह दाबून बी पकडतात, मग एक सोडून उरलेली घसरण करतात. सांधा ऐकू येऊ न देणे ही खरी कारागिरी.

घरचा सराव हा पुढचा टप्पा. खालच्या पट्टीतले दीर्घ स्वर, सावकाश, रोज. अवघड जागा आधी मेट्रोनोमवर निम्म्या लयीत, मग हळूहळू वर. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला यात ना चाल सापडते ना शेवट. सरावाचा म्यूट लावला तर शेजार शांत होतो, पण फुंकीला मिळणारा विरोध बदलतो आणि खालचे स्वर धड लागत नाहीत. म्हणजे सराव होतो तो वेगळ्याच वाद्याचा. श्वासाच्या जागा पेन्सिलीने आधीच ठरवाव्या लागतात, कारण खालचा जोरकस स्वर काही सेकंदांत छाती रिकामी करतो. ट्युबावाल्याशी बोलून दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी श्वास घेतला तर श्रोत्याला तळ अखंड वाटतो. ही बोलणी सहसा मध्यंतरातल्या चहावर होतात आणि मध्यंतर संपताच विसरली जातात.

एवढे झाले की वादक तयार झाला, असे शिकवणीची पुस्तके मानतात. मोजण्याविषयी ती गप्प असतात. पार्टवर एक जाड आडवी रेघ आणि वर ४७ किंवा ६२ असा आकडा, एवढीच सूचना. तितके बार गप्प बसायचे आणि पुढच्या बारमध्ये अचूक, सुरात, पुरेशा आवाजात उगवायचे. तबलजीला निदान सम असते, आवर्तन फिरून तिथेच येते. इथे परतून येण्याची जागाच नाही. त्यातून बार्तोकच्या या भागाच्या सुरुवातीला २/४ आणि ५/८ अशी मापे आलटूनपालटून येतात, त्यामुळे बोटांवर मोजणाऱ्याचीही बोटे चुकतात.

ब्राम्सने तर कहर केला आहे. पहिल्या सिम्फनीत, म्हणजे १८७६ च्या, तिन्ही ट्रोम्बोन पहिले तीन भाग एक अक्षर बोलत नाहीत आणि चौथ्यात पहिला आवाज काढायचा तो मृदू, प्रार्थनेसारख्या कोरालचा. बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीतही तीन भाग असेच निघून जातात. तोवर चर्चच्या थंड हॉलमध्ये पितळ गार पडते, आणि गार वाद्य सुरापेक्षा खाली उतरते. म्हणून जाणते वादक गप्प बसण्याच्या काळात वाद्यातून बिनआवाजाची ऊब फुंकत राहतात. प्रेक्षकांना वाटते, झोप लागली आहे.

मोजण्याचे काम तिघांत वाटून घेण्याची एक पद्धत आहे. तालमीच्या प्रत्येक अक्षरखुणेला पहिला ट्रोम्बोनवाला गुडघ्यावर बोट टेकवतो, बाकीचे दोघे मान हलवतात. दोघांचे आकडे जुळले की तिसऱ्याने आपला सोडून द्यावा, असा अलिखित नियम. तिघांचे तीन निघाले तर ट्युबाकडे पाहिले जाते. ड्वोरझाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनीत त्याला फक्त दुसऱ्या भागात मोजके स्वर आहेत, तेव्हा त्या रात्री तिथून मदत मिळणार नाही. कंडक्टरची खूण हा शेवटचा आधार, पण हौशी कंडक्टर अशा क्षणी हमखास व्हायोलिनकडे वळलेला असतो. खात्रीचा उपाय एकच: आधी बासरी किंवा शिंगवाद्य काय वाजवते ते ऐकून पार्टवर लिहून ठेवणे. त्यासाठी रेकॉर्डिंग आणि पूर्ण स्कोअर घेऊन बसावे लागते. ट्रोम्बोन हातात न घेता केलेला हाच सराव मैफलीत सर्वाधिक उपयोगी पडतो, आणि तोच सगळ्यात आधी टाळला जातो.

बार्तोकची ती मींड कमीअधिक साधते. आजूबाजूला इतका गदारोळ असतो की सांधा राहिला तरी तो पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नाही. पार्ट भाड्याचे असतात. परत करण्यापूर्वी पेन्सिलीच्या खुणा खोडाव्यात, अशी अट असते. ती कोणी पाळत नाही. त्यामुळे पुढच्या गावच्या वादकाला आयता मजकूर मिळतो: ‘इथे लक्ष ठेव’ म्हणून ठळक काढलेला चष्मा, ‘इथे बासरी’, आणि मागल्या कोणाचा तरी ६२ खोडून लिहिलेला ६१.