पक्का भिडू, कच्च्या लिंबाच्या वेषात

लुडोच्या पटावर चार रंग असतात आणि डाव मांडला जातो तो चार माणसांच्या भरवशावर. समजा, मोबाइलवरच्या पटावर लाल, पिवळा आणि निळा या तिन्ही रंगांमागे एकच माणूस बसला आहे, तीन फोन आणि तीन आयडी घेऊन. हिरव्या सोंगट्या ज्याच्याकडे आहेत त्याला याचा पत्ताच नाही. लाल सोंगटी पिवळीला मारायची संधी सोडते, निळी हिरवीच्या वाटेवर टपून बसते, आणि दर फेरीत हिरव्याच्या एका फाशासमोर तीन फासे एकजुटीने पडतात. फासा खोटा नाही, ॲपमध्ये फेरफार नाही, नियमाबाहेरची एकही चाल नाही. तरीही हिरवा पहिला फासा टाकण्याआधीच हरलेला आहे. ऑनलाइन खेळात एकाच वेळी अनेक खाती चालवण्याकडे ‘डोकेबाजपणा’ म्हणून कौतुकाने पाहिले जाते. माझ्या मते हा निव्वळ रडीचा डाव आहे. एका माणसाची खाती किती, यापेक्षा एका डावात समोर खरोखर किती माणसे आहेत हे बाकीच्यांना ठाऊक आहे का, हा खरा प्रश्न आहे.

याच लपवाछपवीचा दुसरा प्रकार अधिक रुजलेला आहे. मुरलेला खेळाडू नवी आयडी काढतो आणि नवशिक्यांमध्ये जाऊन त्यांना लोळवतो. ‘मेन आयडी’ वेगळी, ही फक्त मजेसाठी, असे त्याचे म्हणणे असते. आपल्या गल्लीतल्या खेळांनी कमी ताकदीच्या भिडूसाठी केव्हाच एक सुंदर सोय करून ठेवली आहे. धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ ठरवतात; तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. ही सवलत डाव सुरू होण्याआधी सर्वांसमोर जाहीर होते, म्हणून ती कोणाला खुपत नाही. दुसऱ्या आयडीत नेमके उलटे घडते: पक्का भिडू कच्च्या लिंबाचा वेष घेतो. याचा फटका बसतो तो तोडीस तोड भिडू निवडण्याच्या पद्धतीला. जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये खेळाडूची ताकद मोजणारी अर्पाद एलो यांची गुणांकन पद्धत स्वीकारली. आज स्पर्धात्मक ऑनलाइन खेळांत जोड्या लावल्या जातात त्या याच विचाराने. जिंकलात की गुण वाढतात, हरलात की घटतात आणि समोर तुमच्या तोडीचा भिडू येतो. एका नावामागे एका माणसाचा आजवरचा खेळ आहे, हे गृहीत धरले तरच हा हिशेब जुळतो. नवे नाव घेऊन उतरणारा निष्णात खेळाडू तो हिशेब सर्वांसाठीच बिघडवतो, आणि किंमत मोजतो तो कालच खेळायला लागलेला मुलगा.

यावर पहिला आक्षेप असा, की काही खेळांत अनेक खात्यांना उघड परवानगी आहे, मग त्यात गैर काय? परवानगी आहे, हे खरे. ‘ईव्ह ऑनलाइन’ या अवकाशातल्या व्यापार-युद्धाच्या खेळात एका माणसाने अनेक खाती चालवणे मान्य आहे. पण तिथे ते प्रत्येक खेळाडूला आधीपासून माहीत असते. ते गृहीत धरूनच तो खेळात उतरतो. शिवाय अशा खेळांनाही कुठेतरी रेघ ओढावीच लागली. एक कळ दाबून अनेक खात्यांकडून एकदम तीच कृती करून घेण्यावर ‘ईव्ह’ने २०१५ पासून बंदी घातली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने नोव्हेंबर २०२० मध्ये त्यासाठीच्या सॉफ्टवेअरवर तशीच बंदी आणली. ज्यांना खात्यांमागे पैसे मिळतात, त्या कंपन्यांनाही एका माणसाची फौज इतरांचा खेळ मारते हे मान्य करावे लागले, यातच या आक्षेपाचे उत्तर आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खोटी खाती थांबवायची तर प्रत्येकाची ओळख तपासावी लागेल. मग लहान मुलांच्या आधार क्रमांकांचे ढीग गेमिंग कंपन्यांकडे जमा करायचे का? ही भीती रास्त आहे. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर खऱ्या नावाची सक्ती केली. २०११ मध्ये तिथल्या एका कंपनीकडून साडेतीन कोटी खातेदारांची माहिती चोरीला गेली आणि २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती सक्तीच रद्द केली. आपण तीच चूक करू नये; खोटी खाती पकडायला ओळखपत्रांची सक्ती लागतेच असेही नाही. ‘डोटा २’ हा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये मुरलेल्या खेळाडूंची अशी ९० हजार दुय्यम खाती बंद केली आणि त्यांचा माग मुख्य खात्यांपर्यंत काढल्याचे जाहीर केले. टोपणनावाने खेळायला कोणाचीच हरकत नसावी. एका फोनवर दोन भावंडांनी आपापली आयडी ठेवण्यातही गैर काही नाही, कारण तिथे माणसेही दोनच आहेत.

छत्तीसगडमधल्या उतई-भिलाईच्या पट्ट्यात हा विषय केवळ खेळापुरता राहत नाही. ‘महादेव बुक’ या सट्टा ॲपचे धागेदोरे भिलाईपर्यंत पोहोचले आणि ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने त्याच्यासह २२ ॲप व संकेतस्थळे बंद केली. ईडीच्या आरोपानुसार या जाळ्याची मुख्य कामे दोन होती: नव्या ग्राहकांना आयडी काढून देणे आणि आलेला पैसा बेनामी बँक खात्यांच्या थरांतून फिरवणे. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. लुडोची दुसरी आयडी काढणारा मुलगा उद्या सट्ट्याकडे वळतो, असे म्हणणे तर सरळ अन्यायाचे होईल. पण खाते म्हणजे नुसती किल्ली, ज्याच्या हातात असेल त्याची, ही समजूत घातक आहे. खेळात तिची किंमत एका हरलेल्या डावाएवढी असते. बँकेत मात्र थोड्या पैशांसाठी आपले पासबुक आणि सिमकार्ड दुसऱ्याला देणाऱ्या माणसाच्या दारात पोलिसांची नोटीस येते. पैसा तोवर कुठल्या कुठे गेलेला असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत करून पैशांच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. खेळ म्हणून मान मिळाला, तर खेळाची शिस्तही आली पाहिजे. कंपन्यांनी एका डावात एका माणसाचे एकच खाते हा नियम ठळकपणे सांगावा, मुरलेल्या खेळाडूचे दुसरे खाते असेल तर तशी खूण त्याच्या नावापुढे दिसू द्यावी, आणि लबाडीची शिक्षा फेकून देण्याच्या आयडीऐवजी मुख्य खात्याला करावी. पालकांनी मुलांना ‘किती वेळ खेळलास?’ असे विचारावेच; पण ‘कोणाच्या नावाने खेळलास?’ हेही विचारावे. हरलेला डाव स्वतःच्या नावावर घेता येणे, हे खेळातून शिकण्यासारखे पहिले शहाणपण आहे. हरल्यावर टाकून देण्यासाठी दुसरे नाव हाताशी असले, की मूल नेमके तेच शिकायचे राहून जाते.