सहा मैलांचे पाणी आणि पाचशे पौंड

आठ इंच हे माप क्षुल्लक वाटते. पृथ्वीच्या गोलाईमुळे एका मैलावर भूपृष्ठ सरळ दृष्टिरेषेच्या खाली साधारण तेवढेच उतरते. परंतु हा हिशेब सरळ व्याजासारखा चालत नाही. तो अंतराच्या वर्गाने वाढतो. दोन मैलांना ३२ इंच, सहा मैलांना २४ फूट.

इंग्लंडमधील ओल्ड बेडफर्ड नदीचा सरळ कालवा सहा मैलांचा. १८३८ साली सॅम्युअल रोबॉथम त्यात उतरला आणि डोळा पाण्यापासून आठ इंचांवर ठेवून दूर जाणारी नाव पाहत राहिला. तिच्यावरील निशाण पाच फूट उंच होते. डोळ्याचे आठ इंच पहिल्या मैलातच खर्ची पडतात; उरलेल्या पाच मैलांचे २०० इंच, म्हणजे १६ फूट ८ इंच. निशाण केव्हाच दडावयास हवे होते, तरी ते दिसत राहिले. त्याने पृथ्वी सपाट ठरविली. गुणाकार बरोबर होता. पाण्यालगतच्या हवेत प्रकाशकिरण वाकतो, ही बाब मात्र खात्यात धरलेली नव्हती.

त्याच मताच्या जॉन हॅम्पडेनने १८७० मध्ये ५०० पौंडांची पैज लावली. ती स्वीकारली आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी. उत्क्रांतीच्या सिद्धान्तासाठी डार्विनबरोबर ज्यांचे नाव घेतले जाते, ते हेच. तरुणपणी ते भूमापक होते. त्यांनी दुर्बीण पाण्यालगत नेलीच नाही. ती सुमारे १३ फूट उंचीवर, पुलाच्या कठड्यावर ठेवली. पलीकडच्या पुलावर तितक्याच उंचीवर काळा पट्टा, आणि मध्ये, तीन मैलांवर, तितक्याच उंचीची तबकडी. पाणी सपाट असते तर तिन्ही एका रेषेत येती. गोल असेल तर मधली तबकडी त्या रेषेच्या नऊ गुणिले आठ, म्हणजे ७२ इंच वर हवी. किरणाच्या वाकण्याची वजावट केली तर सुमारे पाच फूट. ५ मार्च रोजी ती पट्ट्याच्या स्पष्ट वर दिसली.

हॅम्पडेनच्या बाजूच्या पंचाने तेच दृश्य पाहून उलटा निष्कर्ष काढला! मुख्य पंच जॉन हेन्री वॉल्श यांनी निकाल वॉलेस यांच्या बाजूने दिला व रक्कमही दिली. पुढे हॅम्पडेनने निंदेची पत्रे सुरू केली. वॉलेस यांच्या पत्नीलाही धमकी आली. तुरुंगवास भोगूनही तो थांबला नाही. पंचाने रक्कम देण्यापूर्वीच त्याने आपले पैसे परत मागितले होते आणि पैजेचा करार कायद्याने निरर्थक होता, म्हणून १८७६ मध्ये न्यायालयाने ते त्याला परत देवविले. पंधरा वर्षांचा मनस्ताप आणि खटल्यांचा खर्च धरता, पैज जिंकलेल्या वॉलेस यांच्या पदरचेच काही शे पौंड गेले.