लाइफटाइम फ्री! पण कोणाला?

थर्ड इयर संपता संपता आपल्या होस्टेलमध्ये दोन जमाती तयार होतात. एक कॅम्पसवाली आणि दुसरी 'बाहेर जाणारी'. ही दुसरी जमात म्हणजे नागपूर-पुण्याकडची मुलं, असं पूर्वी समजलं जायचं. आता तसं राहिलेलं नाही. 2025 मध्ये आपल्या गोंडवाना विद्यापीठाचा लॉइड्स मेटल्स आणि पर्थच्या कर्टिन विद्यापीठाबरोबर करार झाला. राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीची चौकशी करणारी मुलंही आपल्या वर्गात आहेत. या सगळ्यांना एसओपी कशी लिहायची हे सांगायला दहा सीनियर भेटतात. पण तिकडे खर्चाला कोणतं कार्ड न्यायचं असं विचारलं की उत्तर एकच : "जे बँकेने दिलं आहे तेच ने ना बे!"

माझा विरोध आहे तो या उत्तराला.

आपण इंजिनिअर आहोत, तर जरा गणित करू. साधारण भारतीय डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशी चलनात वापरलं की बँक त्यावर 'फॉरेक्स मार्कअप' लावते. बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो. त्या साडेतीन टक्क्यांवर पुन्हा 18 टक्के जीएसटी. म्हणजे झाले 4.13 टक्के. एक लाख रुपये खर्च केले तर 4,130 रुपये नुसते हवेत! आपल्या मेसचं महिन्याचं बिल त्यात सुटतं. आणि कार्डावर मात्र सोनेरी अक्षरात 'लाइफटाइम फ्री'. वार्षिक फी नाही म्हणून आपण खूश, पण वर्षाला पाचशे रुपये घेऊन मार्कअप एक टक्का किंवा शून्य लावणारं कार्ड त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. तेंदूपत्त्याच्या व्यवहारात मधला माणूस किती खातो यावर आपण तावातावाने बोलतो. हा मधला माणूस मात्र दिसत नाही, कारण तो दरातच लपलेला असतो.

आणि यासाठी विमानात बसायचीही गरज नाही बरं का! अमेरिकेच्या व्हिसाआधी भरायची सेव्हिस फी 350 डॉलर, जर्मनीच्या युनि-असिस्टची पहिल्या अर्जाची फी 75 युरो. हे सगळं इथे चंद्रपुरात बसूनच भरायचं असतं आणि मार्कअप तेव्हापासूनच सुरू होतो. आपले सर लोक परदेशी कॉन्फरन्सचं रजिस्ट्रेशन डॉलरमध्ये भरतात, त्यांनीही एकदा स्टेटमेंट नीट वाचावं.

डॉ. अभय आणि राणी बंग 1980 च्या दशकात जॉन्स हॉपकिन्सला शिकायला गेले आणि परत येऊन त्यांनी गडचिरोलीत काम उभं केलं, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्या काळात 'फेरा' कायदा होता, परकीय चलन मोजून-मापून मिळायचं. 2000 साली 'फेमा' आला आणि सगळंच सैल झालं. आता अडचण डॉलर मिळण्याची नाही, दहा प्रकारच्या कार्डांतून निवडण्याची आहे.

मग निवडायचं कसं? प्रीपेड फॉरेक्स कार्डाची जाहिरात फार होते. आधी पैसे भरा, दर पक्का, टेन्शन नाही. चांगली गोष्ट आहे, पण पैसे भरतानाचा दर बघा. समजा बाजारात डॉलर 90 ला आहे आणि कार्डात 92 ने भरला, तर 'झिरो मार्कअप' लिहिलेलं असूनही दोन टक्क्यांच्या वर गेलेच की! शिवाय पर्थला जाणाऱ्याने त्यात अमेरिकन डॉलर भरून नेले तर तिकडे ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चताना पुन्हा वेगळा चार्ज. काही कार्डं वर्षभर पडून राहिली की त्याचेही पैसे कापतात.

क्रेडिट कार्ड आपल्याला कोण देणार, पगार कुठे आहे, असं वाटेल. पण फिक्स्ड डिपॉझिटवर मिळणारी कार्डं असतात आणि त्यात कमी मार्कअपची सापडतात. माझं मत विचाराल तर विद्यार्थ्यासाठी हाच मार्ग बरा. स्वाइप करायला असं कार्ड, कॅश काढायला कमी मार्कअपचं एक डेबिट कार्ड आणि पहिल्या आठवड्यापुरत्या थोड्या नोटा. क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे मात्र काढू नका. त्याची फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू! तिकडे पोचून लोकल खातं उघडलं की यातलं बरंचसं संपतं, म्हणजे खरा प्रश्न पहिल्या एक-दोन महिन्यांचाच असतो. पण हातात पैसे सगळ्यात कमी असतात तेही त्याच महिन्यांत.

परदेशात दुकानदाराचं मशीन विचारतं, पैसे रुपयात घेऊ की युरोत? आपले रुपये बघून बरं वाटतं. तिथे युरोच दाबायचं! रुपयात घेतले की दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो आणि काही भारतीय बँका त्यावरही एक टक्का घेतात. यूपीआयचं म्हणाल तर सिंगापूर, भूतान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस अशा मोजक्या ठिकाणी ते पोचलंय. म्युनिकच्या बसमध्ये क्यूआर कोड शोधू नका.

आता आपल्या भागाची खरी अडचण. मुंबईच्या मुलाला ही येत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांचं खातं बाबांच्या मोबाइल नंबरला जोडलेलं असतं. बाबा भामरागडला किंवा एटापल्लीला. टॉवर आज आहे, उद्या नाही. तिकडे तुम्ही पेमेंट करताय, ओटीपी जातोय बाबांकडे आणि बाबा शेतात! कार्ड कितीही कमी फीचं असू दे, ओटीपी आला नाही तर ते प्लॅस्टिकच. म्हणून खातं स्वतःच्या नावाचं, नंबर स्वतःचा, रोमिंग चालू, आणि रिचार्जची जबाबदारी घरी कुणाला तरी देऊन जायची. ऑक्टोबर 2020 पासून नवीन कार्डं परदेशी वापरासाठी बंदच येतात, ती आपण अॅपमधून चालू करायची असतात. लिमिटही तेव्हाच कमी करून ठेवा, कारण परदेशी वेबसाइटवर बरेचदा ओटीपी विचारतच नाहीत. भामरागडहून गडचिरोलीला यायला दिवस जातो. कार्ड ब्लॉक झालं तर शाखेत धावणार कोण?

बँकेत गेलात की काउंटरवरच्या भाऊंना 'चांगलं कार्ड कोणतं' असं विचारू नका, ते टार्गेटमधलंच दाखवतील. 'शेड्यूल ऑफ चार्जेस'चा कागद मागा आणि त्यात मार्कअप, परदेशी एटीएमची फी आणि खात्यात ठेवायचा मिनिमम बॅलन्स एवढंच शोधा. मार्कअप शून्य आणि बॅलन्स लाखभर असेल तर ते कार्ड आपल्यासाठी नाही. कागद अक्षरं बारीक करून इंग्रजीत छापलेला असतो. घरच्यांना समजला नाही तर होस्टेलवर आणा, आम्ही कॉन्व्हेंटवाले कधीतरी उपयोगी पडू!